चाळिशीनंतरचा दमा : धुळीला दोष देण्याआधी रक्त तपासा



मळणीचे दिवस आले की गावात खोकल्याचा आवाज वाढतो. तुरीचे भुसकट, सोयाबीनची धूळ, कडब्याचा कोंदट वास. नाकातोंडात जाते आणि माणूस चार दिवस खोकतो. यात नवल नाही. धूळ थांबली की तो खोकलाही थांबतो.

पण तुमच्या घरात किंवा भावकीत असा एखादा माणूस आहे का पाहा. वय चाळीस-पंचेचाळीस. लहानपणी दमा नव्हता. आईवडिलांनाही नव्हता. बिडी-तंबाखूचे व्यसन नाही. चार-पाच वर्षांपूर्वी नाक चोंदू लागले, ते कायमचेच. मग एक दिवस घरच्यांनी फोडणी करपल्याचे सांगितले तेव्हा कळले, की आपल्याला वासच येत नाही. त्यानंतर पहाटे तीन-चारच्या सुमारास खोकल्याची उबळ, छातीत पिपाणी वाजल्यासारखा आवाज आणि उठून बसल्याशिवाय श्वास येईना. तालुक्याला नेले की एक इंजेक्शन आणि पाच दिवसांच्या गोळ्या. गोळ्या लागू पडल्या की तिसऱ्या दिवशी माणूस औताला उभा! गोळ्या संपल्या की पंधरा दिवसांत पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

मग घरात सल्ले सुरू होतात. कोणी म्हणते, "धूळ सोसत नाही, जमीन बटाईने देऊन टाका." कोणी म्हणते, "वय झाले, आता असेच चालायचे." कोणी कोजागरीच्या रात्री खिरीतून औषध घ्यायला नेतो, तर कोणी मृगाला हैदराबादेस जिवंत मासळी गिळायला. वर्षामागून वर्षे जातात, पैसा जातो आणि छाती आतून खराब होत राहते.

या माणसाच्या दम्याला डॉक्टर 'इओसिनोफिलिक दमा' म्हणतात. नाव अवघड असले तरी तो ओळखण्याची पहिली खूण रक्ताच्या अगदी साध्या तपासणीत असते. ही तपासणी तालुक्याच्या गावी होते. अनेकांच्या घरी तर तिचा कागद पेटीत पडून असतो, पण तो नीट वाचलेला नसतो. तो कसा वाचावा, हे आज पाहू.

दम्याच्याही जाती आहेत

ताप म्हटला की तो हिवतापाचा असू शकतो, विषमज्वराचा असू शकतो. तसेच दम्याचे आहे. सर्व दम्यांत श्वासनळ्या आकसतात, आतून सुजतात आणि चिकट बेडका साचतो. पण ही सूज कशामुळे आली, हे प्रत्येकात सारखे नसते. लहानपणी सुरू होणारा दमा बहुधा ॲलर्जीचा असतो. त्याच्या जोडीला शिंका, अंगाला खाज, घरात इतरांना तोच त्रास असतो. काही दमे धुराशी आणि वारंवारच्या छातीच्या संसर्गाशी जोडलेले असतात.

इओसिनोफिलिक दम्यात सुजेचे मुख्य कारण म्हणजे रक्तातील एका प्रकारच्या पांढऱ्या पेशी. त्यांचे नाव इओसिनोफिल. १८७९ साली पॉल एर्लिख या जर्मन शास्त्रज्ञाने इओसिन नावाच्या रंगाने रक्त रंगवून पाहिले, तेव्हा काही पेशींतील दाणे लालभडक रंगले. ग्रीक पुराणात इओस ही पहाटेची देवता, आपली उषाच म्हणा. तिच्या नावावरून रंगाचे नाव आणि रंगावरून पेशीचे.

या पेशींचे मूळ काम जंतांशी लढण्याचे. त्यांच्या दाण्यांत तीव्र द्रव्ये असतात आणि ती जंतांवर सोडली जातात. शरीराने राखणीला ठेवलेला हा कुत्राच आहे. पण काही माणसांत, बहुधा तिशी-चाळिशीनंतर, या पेशी हाडांच्या मगजात गरजेपेक्षा जास्त तयार होतात आणि श्वासनळ्यांच्या अस्तरात जाऊन बसतात. तेथे ना जंत असतो, ना चोर. मग राखणीचा कुत्रा घरच्यांनाच चावू लागतो. अस्तर सोलवटते, बेडका गोंदासारखा घट्ट होतो आणि नळ्या जराशा कारणानेही आकसतात.

म्हणजे धूळ ही ठिणगी आहे, पण गंजी आधीच वाळलेली असते. नुसती ठिणगी टाळून भागत नाही, गंजी ओली करावी लागते. जमीन बटाईने दिली म्हणून हा दमा जात नाही, तो या कारणाने.

डर्बीच्या डॉक्टरांनी काय केले?

१९५० नंतरच्या दशकात कॉर्टिसोन जातीची, म्हणजे स्टेरॉइड, औषधे नवी होती. १९५६ साली इंग्लंडात जुनाट दम्यावर कॉर्टिसोनची मोठी चाचणी झाली आणि निष्कर्ष निघाला, की दीर्घकाळचा फायदा फारसा नाही. औषध जवळजवळ बाजूला पडले.

इंग्लंडातीलच डर्बी गावी हॅरी मॉरो ब्राउन नावाचे छातीचे डॉक्टर होते. त्यांनी रुग्णांचा बेडका काचेवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. त्यांना दिसले, की ज्यांच्या बेडक्यात इओसिनोफिल भरपूर आहेत त्यांना प्रेडनिसोलोनच्या गोळ्यांनी झपाट्याने गुण येतो आणि ज्यांच्यात ते नाहीत त्यांना जवळजवळ येत नाही. १९५८ साली त्यांनी हे प्रसिद्ध केले. औषध खोटे नव्हते. सगळ्या रुग्णांची एकत्र खिचडी केल्यामुळे त्याचा गुण दिसत नव्हता.

पुढे पन्नास वर्षांनी हाच धडा पुन्हा गिरवावा लागला. इओसिनोफिल वाढवणारा शरीरातील संदेश अडवणारे मेपोलिझुमॅब नावाचे इंजेक्शन निघाले. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत दम्याचे सरसकट रुग्ण घेतले होते. त्यात ते फसले. २००९ साली इंग्लंडातील लेस्टर आणि कॅनडातील हॅमिल्टन येथील डॉक्टरांनी फक्त इओसिनोफिल वाढलेले रुग्ण निवडले, आणि त्याच इंजेक्शनाने दम्याचे झटके कमी झाले. जमीन न पाहता बियाणे टाकले आणि उगवले नाही, म्हणून बियाण्याला दोष द्यावा, तसा हा प्रकार. आधी माती तपासावी, मग बियाणे निवडावे. दम्यातही तेच.

कोणत्या खुणांवरून संशय घ्यावा?

पुढील गोष्टींपैकी तीन-चार जुळत असतील, तर छातीच्या डॉक्टरांना दाखवावे.

दमा मोठेपणी, बहुधा तिशीनंतर, सुरू झालेला असतो. ॲलर्जीची तपासणी केली तरी ठोस असे काही सापडत नाही. नाक सतत चोंदलेले, सायनसचा त्रास, वास कमी येणे किंवा जाणे हे असते. अनेकांच्या नाकात मांस वाढलेले असते. ते शस्त्रक्रियेने काढले तरी पुन्हा वाढते. बेडका घट्ट, चिकट, कधी पिवळसर असतो. तो पाहून 'इन्फेक्शन' समजून वारंवार जंतुनाशक गोळ्या दिल्या जातात. बेडका पिवळा असला म्हणजे जंतुसंसर्गच आहे, असे नाही. इओसिनोफिलमुळेही तो पिवळा होतो.

आणखी एक मोठी खूण म्हणजे झटके. अधूनमधून माणूस बरा असतो आणि वर्षातून दोन-चार वेळा एकदम कोसळतो. स्टेरॉइडच्या गोळ्यांनी लगेच उठतो आणि गोळ्या बंद होताच पुन्हा आजारी पडतो.

काहींना अंगदुखीच्या गोळीने दमा उसळतो. ॲस्पिरिन, आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक या त्या गोळ्या. नाकातील मांस, दमा आणि ॲस्पिरिनचे वावडे या तिघांची जोडी १९२२ साली फ्रान्सच्या विडाल या डॉक्टरांनी नोंदवली होती. आपल्याकडे दिवसभर कोळपणी करून कंबर दुखली की किराणा दुकानातून गोळी आणण्याची रीत आहे. दम्याच्या माणसाने ती मोडावी. गोळीनंतर तासा-दोन तासांत नाक वाहून धाप लागली असेल, तर तिचे नाव कागदावर लिहून ठेवावे आणि प्रत्येक डॉक्टरांना दाखवावे.

रक्ताचा कागद कसा वाचावा?

रक्ताची जी नेहमीची तपासणी होते, सीबीसी किंवा हिमोग्राम, तिच्यात पांढऱ्या पेशींची एकूण संख्या आणि त्यांतील जातींची टक्केवारी दिलेली असते. बहुतेक जण टक्का पाहतात. पाहायचा असतो तो आकडा.

हिशेब सोपा आहे. एकूण पांढऱ्या पेशी गुणिले इओसिनोफिलचा टक्का, भागिले १००. समजा एकूण पेशी ९,००० आणि इओसिनोफिल ७ टक्के, तर आकडा ६३० आला. दुसऱ्या माणसाच्या पेशी ४,००० आणि टक्का तोच ७, तर आकडा २८० आला. टक्का एक, पण पहिल्याचे माप दुसऱ्याच्या दुपटीहून अधिक. काही कागदांवर हा आकडा 'ॲब्सोल्यूट' या शब्दापुढे तयारच छापलेला असतो.

दम्याच्या माणसात हा आकडा १५० किंवा त्याहून जास्त असेल, तर या जातीच्या सुजेचा संशय घेतात. तो ३०० च्या पुढे असेल तर संशय बळावतो. आकडा जितका मोठा, तितकी झटके येण्याची भीती जास्त आणि योग्य औषधाने गुण येण्याची आशाही जास्त. १,५०० च्या पुढे गेला तर दम्याखेरीज दुसरेही काही आहे का, हे शोधावे लागते.

दोन गोष्टी मात्र कधी विसरू नका. पहिली, स्टेरॉइडची गोळी किंवा इंजेक्शन घेतल्यावर हा आकडा काही तासांतच खाली येतो. म्हणून गोळ्या सुरू होण्याआधी रक्त द्यावे. गोळ्या चालू असताना आकडा शून्य आला, म्हणून 'हा तो दमा नाही' असे समजू नये. नाव नसलेल्या पुडीने दोन दिवसांत जादूसारखा आराम पडत असेल, तर त्या पुडीत स्टेरॉइड मिसळलेले असू शकते. तेही डॉक्टरांना न लाजता सांगावे. दुसरी गोष्ट, हा आकडा दिवसभरात आणि दिवसागणिक खालीवर होतो. एकदा कमी आला तर दोन-तीन वेळा पुन्हा तपासावा.

आणखी कोणत्या तपासण्या?

रक्तावरून दम्याची जात कळते, पण दमा आहे की नाही हे ठरते फुंकण्याच्या तपासणीवर. तिला स्पायरोमेट्री म्हणतात. यंत्रात जोराने फुंकायचे, मग पंपाचे औषध घेऊन पंधरा मिनिटांनी पुन्हा फुंकायचे. पहिल्या सेकंदात बाहेर येणारी हवा १२ टक्क्यांनी आणि किमान २०० मिलिलिटरने वाढली, तर नळ्या आकसलेल्या होत्या आणि औषधाने मोकळ्या झाल्या, असा अर्थ. ज्या माउलींनी आयुष्यभर चुलीपुढे धूर घेतला आहे त्यांची धाप दम्याची आहे की धुराने फुप्फुसे झिजल्याची, याचा उलगडाही याच तपासणीने होण्यास मदत होते.

शहरातील मोठ्या दवाखान्यांत श्वासातील नायट्रिक ऑक्साइड वायू मोजतात. स्वीडनमधील संशोधकांनी १९९१ साली हा वायू माणसाच्या श्वासात असल्याचे दाखवले आणि १९९३ साली तो दमेकऱ्यांत वाढलेला असल्याचे. मोठ्या माणसात आकडा २५ च्या आत असेल तर कमी आणि ५० च्या वर असेल तर जास्त समजतात. बिडी ओढणाऱ्याचा आकडा खोटा कमी येतो. बेडक्यातील इओसिनोफिल मोजणे ही मॉरो ब्राउन यांची जुनी रीत आजही सर्वांत थेट मानतात. त्यात २-३ टक्क्यांच्या वर पेशी सापडल्या की निदान पक्के होते. पण ही सोय थोड्याच ठिकाणी आहे. म्हणून खेड्यातील माणसाला रक्ताचा आकडाच जवळचा.

इओसिनोफिल वाढले म्हणजे दमाच असे नाही

आपल्याकडे अनवाणी शेतात जाणाऱ्याच्या पोटात जंत असणे काही नवे नाही. जंतांनीही इओसिनोफिल वाढतात. म्हणून शौचाची तपासणी करून घ्यावी. स्ट्राँगिलॉइडिस नावाचा एक जंत मातीतून पायाच्या कातडीवाटे शिरतो. तो अंगात असताना स्टेरॉइडच्या गोळ्या चालू राहिल्या, तर तो सर्व शरीरात पसरून जिवावर बेतू शकते. आपल्या मनाने गोळ्या घेऊ नयेत, याचे हे एक मोठे कारण.

चंद्रपूर, गडचिरोली, भंडाऱ्यासारख्या हत्तीरोगाच्या पट्ट्यात आणखी एक आजार दम्याचे सोंग घेतो. रात्रीचा खोकला, घरघर, वजन घटणे आणि इओसिनोफिल ३,००० च्याही वर. १९४० साली मदनपल्लीच्या क्षयरोग आरोग्यधामातील डॉक्टरांनी असे रुग्ण नोंदवले होते. क्षयासारखे दिसणारे, पण क्षय नसलेले. या आजारावर हत्तीरोगाचेच औषध, डायइथिलकार्बामेझिन, चालते. दम्याचे औषध नव्हे.

बेडक्यातून तपकिरी गुठळ्या पडत असतील तर ॲस्परजिलस बुरशीचा संशय घ्यावा. ओल्या कडब्यात, उकिरड्यात ही बुरशी असते. तिच्या आजारात आयजीई नावाचा रक्ताचा आकडा ५०० च्या बराच वर जातो. आणि दमा असलेल्या माणसाचा पाय अचानक बधिर झाला, पाऊल लुळे पडले किंवा अंगावर जांभळे पुरळ उठले, तर एक दिवसही न दवडता जिल्ह्याच्या रुग्णालयात न्यावे. इओसिनोफिल रक्तवाहिन्यांवर उलटल्याची ती खूण असू शकते.

पंपाची भीती का नको?

"पंप लागला की सुटत नाही," हे वाक्य घरोघर ऐकू येते. त्याच घरात मात्र गोळ्या वर्षानुवर्षे निर्धास्त चालू असतात! आता मापे पाहा. झटक्यात देतात त्या गोळ्यांचे माप दिवसाला ३० ते ४० मिलिग्रॅम. पंपातील रोजचे माप बऱ्याच जणांना २०० ते ४०० मायक्रोग्रॅम. एक मिलिग्रॅम म्हणजे १,००० मायक्रोग्रॅम. दोन्ही औषधे तंतोतंत एक नव्हेत, तरी वजनाचा फरक सुमारे शंभरपट आहे.

गोळी म्हणजे मोकाट पाणी. ते साऱ्या रानात फिरते आणि साखर, रक्तदाब, मोतीबिंदू, ठिसूळ हाडे ही तणे वाढवते. पंप म्हणजे ठिबक. जेथे मूळ तेथेच थेंब. मॉरो ब्राउन यांनीच १९७२ साली बेक्लोमेथासोन या ओढून घेण्याच्या स्टेरॉइडचे चांगले अनुभव प्रसिद्ध केले होते.

पण ठिबक रोज चालवावे लागते. नुसता साल्ब्युटामॉलचा पंप मारून वेळ भागवणे ही चूक आहे. त्याने नळी सैल होते, सूज तशीच राहते. 'जिना' या जागतिक दमा-तज्ज्ञांच्या संस्थेने २०१९ पासून मोठ्या माणसांना केवळ त्या पंपावर ठेवू नये, असे स्पष्ट सांगितले आहे. सूज कमी करणारा पंप बरे वाटले तरी चालू ठेवावा. तो कसा ओढायचा ते डॉक्टरांसमोर करून दाखवावे. ओढल्यावर चूळ भरून गुळण्या कराव्यात, म्हणजे तोंड येत नाही. आणि फार दिवस चालू असलेल्या गोळ्या कधीही एकदम बंद करू नयेत; डॉक्टरांच्या सांगण्याप्रमाणे हळूहळू उतरवाव्यात.

पंप नीट घेऊनही वारंवार झटके येणाऱ्या थोड्या रुग्णांसाठी मेपोलिझुमॅबसारखी इंजेक्शने आहेत. ती फार महाग आहेत. बहुतेकांना त्यांची गरज पडत नाही. कोजागरीची खीर ज्यांना घ्यायची त्यांनी डॉक्टरांना विचारून घ्यावी, पण पंप घरी ठेवून जाऊ नये.

लक्षात ठेवण्याच्या गोष्टी

१. मोठेपणी दमा सुरू झाला, नाक चोंदते, वास गेला : रक्तातील इओसिनोफिलचा आकडा काढून घ्या, आणि तो गोळ्या सुरू होण्याआधी.

२. जुने सर्व कागद एका पिशवीत तारीखवार ठेवा. पाच वर्षांपूर्वीचा आकडाही कामाचा असतो.

३. मळणीच्या वेळी वाऱ्याच्या वरच्या बाजूस उभे राहा, नाकातोंडावर घट्ट बसणारा मास्क बांधा. ओला कडबा रचू नका.

४. किराणा दुकानातील अंगदुखीची गोळी नको, नावाशिवायची पुडी नको.

५. बोलताना वाक्य पुरे होत नाही, ओठ निळसर पडले, पंपाने आराम नाही : माणसाला बसते ठेवा, पंपाचे ४ ते १० फवारे एकेक करून द्या आणि तत्काळ रुग्णालयात न्या. वाट पाहू नका.

बंधूंनो, पेरणीआधी माती तपासायला आपण शिकलो आहोत. घरच्या कर्त्या माणसाचा श्वास तर मातीहून मोलाचा. जमीन बटाईने देण्याचा विचार करण्याआधी पेटीतील तो रक्ताचा कागद काढा, गुणाकार करा आणि डॉक्टरांसमोर ठेवा.